दोन वर्षांचं मूल मारतं तेव्हा



आजचा विषय ठरला तेव्हा संयोजकांपैकी एकाने मला हळूच विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हा विषय बालरोगतज्ज्ञांचा नाही का?" प्रश्न रास्त आहे. मूल मारतं, चावतं, केस ओढतं, याबद्दल डॉक्टरांना आणि मानसशास्त्रज्ञांना जे ठाऊक आहे ते मी आज वापरणारच आहे. पण या छोट्याशा घरगुती घटनेच्या पोटात आमचे काही फार जुने प्रश्न बसलेले आहेत. कृत्य कशाला म्हणायचं? दोष कुणाला द्यायचा? शिक्षा कशासाठी करायची? गंमत अशी, की वर्गात आम्ही या प्रश्नांवर वर्षभर चर्चा करतो, आणि घरात मुलाने चापट मारली की दोन सेकंदांत त्यांची उत्तरं देऊन मोकळे होतो. बहुतेक वेळा हातानेच.

आज समोर आजी-आजोबा पुष्कळ दिसताहेत. ते स्वाभाविक आहे. आई-वडील दोघंही नोकरीवर जातात आणि दुपारभर नातवंड आपल्याकडे असतं. संध्याकाळी वाद होतो. सून म्हणते, "त्याला मारत जाऊ नका." सासूबाई म्हणतात, "आम्ही चार वाढवली, काही बिघडलं नाही." मूल मधे उभं राहून दोघींकडे बघत असतं. या वादात कोण बरोबर, याचा निकाल द्यायला मी आलेलो नाही. पण वाद नेमका कशाबद्दल आहे ते आज आपण नीट पाहू या.

घडतं काय?

प्रथम एक गोष्ट सांगतो, म्हणजे निम्मी काळजी कमी होईल. दीड ते तीन वर्षांच्या वयात मारणं ही अतिशय सामान्य गोष्ट आहे. कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेम्ब्ले यांनी मुलांच्या वाढीचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. आपली समजूत अशी, की मूल जन्मतः शांत असतं आणि पुढे वाईट संगतीने, टीव्हीने, शाळेने मारायला शिकतं. ट्रेम्ब्ले यांना चित्र जवळजवळ उलटं दिसलं. माणूस आयुष्यात सर्वांत जास्त वेळा हात उगारतो तो दोन-तीन वर्षांचा असताना, आणि त्यानंतर बहुतेक मुलांत हे प्रमाण उतरत जातं. म्हणजे मुलं मारायला कुठे शिकतात, हा खरा प्रश्न नाही. न मारायला ती कशी शिकतात, हा आहे. एवढा एक बदल डोक्यात झाला, तरी घरातलं वातावरण बदलतं.

आता असं का होतं? न्यायदर्शनात कृतीचा एक क्रम सांगितला आहे: जानाति, इच्छति, यतते. आधी कळतं, मग हवंसं वाटतं, मग माणूस प्रयत्न करतो. मोठ्या माणसात इच्छा आणि प्रयत्न यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. शेजाऱ्याची गाडी आपल्या दारात उभी दिसली की आपल्यालाही काहीतरी करावंसं वाटतं. पण आपण उंबरठ्यावर थांबतो, विचार करतो, आणि फार तर कडक शब्दांत बोलतो. दोन वर्षांच्या मुलात हा उंबरठा अजून बांधलेला नसतो. हवं वाटलं की हात गेला. नको वाटलं की हात गेला. मेंदूचा कपाळामागचा जो भाग आवेग आवरण्याचं काम करतो, तो हळूहळू पक्का होतो. त्याची वाढ विशी ओलांडेपर्यंत चालू असते. दोन वर्षांच्या मुलाकडून "स्वतःला आवर" अशी अपेक्षा करणं म्हणजे पाया घातलेल्या दिवशीच घरात राहायला जाण्यासारखं आहे.

दुसरं कारण भाषेचं. दोन वर्षांच्या आसपास बऱ्याच मुलांकडे पन्नासेक शब्द असतात आणि दोन शब्द जोडायची सुरुवात झालेली असते. "दूद दे", "बाबा गेला", असं. आता विचार करा. समोरच्या मुलाने याची लाल गाडी उचलली. याला म्हणायचंय, "मी आत्ता फक्त पाणी प्यायला गेलो होतो, माझं खेळणं अजून संपलेलं नाही, ती ठेव." एवढं वाक्य त्याच्याकडे नाही. हात मात्र आहे, आणि तो लगेच पोचतो.

दोष कुणाचा?

इथे तत्त्वज्ञानाचं जुनं भांडण सुरू होतं. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनाच्या पहिल्याच भागात एका तान्ह्या बाळाचं वर्णन केलं आहे. आपल्या वाटचं दूध दुसरं बाळ पितंय हे पाहून ते पांढरंफटक पडलं आणि डोळे वटारून बघत राहिलं. ऑगस्टीन यांचा निष्कर्ष असा, की बाळ निरुपद्रवी असतं ते हातपाय दुबळे म्हणून. मन निरागस म्हणून नव्हे. आपल्याकडेही हा आवाज ऐकू येतो. "बघ कसा डोळे वटारतो, मुद्दाम करतो हा. आत्ताच वाकडा आहे, मोठा झाल्यावर काय करील?"

दुसऱ्या टोकाला "मुलं म्हणजे देवाचं रूप" म्हणणारे. त्यांच्या लेखी मुलाचं काहीच चुकत नाही. मार खाणाऱ्यानेच समजून घ्यायचं. "लहान आहे तो, जाऊ दे ना."

मला ॲरिस्टॉटलची भूमिका जास्त उपयोगी वाटते. नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो एक बारीक भेद करतो. मुलाची कृती ऐच्छिक असू शकते, म्हणजे कुणी धक्का दिला म्हणून ती घडलेली नसते, मूल ती स्वतः करतं. पण तिच्यात विचारपूर्वक केलेली निवड नसते. चार पर्याय समोर ठेवून, परिणामांचा विचार करून मुलाने हा पर्याय निवडला, असं म्हणता येत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ काय? कृती त्याची आहे, म्हणून ती थांबवायची. निवड त्याची नाही, म्हणून त्याला गुन्हेगार ठरवायचं नाही. "मारायचं नाही" हे वाक्य बरोबर आहे. "तू वाईट आहेस" हे वाक्य चूक आहे. पहिलं कृत्याबद्दल बोलतं, दुसरं माणसाबद्दल. आणि दोन वर्षांच्या मुलाला आपण कोण आहोत हे आपल्या तोंडूनच कळत असतं. रोज ऐकलं, की "हा मारकुटा आहे", तर ते बिचारं तीच आपली ओळख समजतं.

शब्द हाताची जागा कसा घेतो

आता माझ्या विषयातलं एक नाव घेतो. लुडविग विटगेन्स्टाइन. विसाव्या शतकातला फार मोठा तत्त्वज्ञ. त्याच्या मृत्यूनंतर, १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो विचारतो, की 'वेदना' हा शब्द मूल शिकतं कसं? वेदना काही बोट दाखवून सांगता येत नाही. त्याने सुचवलेलं उत्तर असं: मूल पडतं, लागतं, रडतं. मोठी माणसं त्याच्याशी बोलतात, आधी उद्गार देतात, मग वाक्यं देतात. हळूहळू रडण्याच्या जागी शब्द येऊन बसतो. म्हणजे शब्द हे रडण्याचं नुसतं वर्णन नाही. वेदना व्यक्त करायची ती एक नवी रीत आहे.

आपल्या घरात हे रोज घडतं. बाळ पडलं की आपण म्हणतो, "आई गं! बाऊ झाला?" काही महिन्यांनी तेच मूल गुडघा दाखवून म्हणतं, "बाऊ." रडणं संपत नाही, पण त्यातलं थोडं शब्दात उतरतं.

माझं म्हणणं एवढंच, की मारण्याचंही असंच आहे. मूल हाताने जे सांगतंय त्याच्या जागी शब्द बसवायचा आहे. "मला दे." "माझं." "नको." "जा." "मी पण." आणि शब्द देणार कोण? जवळचा मोठा माणूसच. तो जर त्या क्षणी स्वतः हात उचलत असेल, तर मुलाला शब्द मिळत नाही. हाताला हातच मिळतो. जी जागा शब्दाने भरायची, तिथे आणखी मोठा हात येऊन बसतो.

विटगेन्स्टाइनच्या आयुष्यातली एक हकिगत इथे सांगायलाच हवी. १९२० ते १९२६ या काळात तो ऑस्ट्रियातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षक होता. शिक्षक म्हणून मेहनती, पण रागीट. एप्रिल १९२६ मध्ये ओटरथाल या गावी त्याने अकरा वर्षांच्या एका आजारी मुलाच्या डोक्यावर मारलं आणि तो मुलगा बेशुद्ध पडला. विटगेन्स्टाइनने नोकरी सोडली. सुमारे दहा वर्षांनी तो त्या गावात परत गेला आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन त्याने क्षमा मागितली. वेदना आणि शब्द यांचं नातं पुढे इतकं बारकाईने उलगडणाऱ्या माणसाचा हा हात. मी हे त्याची निंदा करायला सांगत नाही. बुद्धी कितीही असो, थकलेल्या आणि चिडलेल्या माणसाचा हात बुद्धीच्या आधी पोचतो. मोठ्यांचा उंबरठाही काही सदैव भक्कम नसतो. म्हणून आपण काय करायचं हे राग येण्याआधी ठरवून ठेवावं लागतं.

आपण नकळत काय शिकवतो

आता जरा आपल्या घरांकडे पाहू. मूल चालताना पडतं. आजी धावत येते आणि जमिनीवर चापट मारते. "जमीन वाईट! आमच्या बाळाला पाडलं! हात् गं!" मूल रडायचं थांबतं, कधी हसतं आणि स्वतःही जमिनीला मारतं. प्रेमाने केलेली गोष्ट आहे. पण यातून शिकवलं काय, ते बघा. लागलं की कुणाचा तरी दोष असतो, आणि ज्याचा दोष त्याला मारायचं असतं. उद्या याला धक्का लागेल तो शेजारच्या मुलाचा. मग हा आपला धडा बिनचूक म्हणून दाखवील, आणि आपण त्याला ओरडू. त्याऐवजी जमिनीला सोडून गुडघ्याला हात लावावा. "पडलास. लागलं इथे. फुंकर घालू?" बस्स.

दुसरी गोष्ट हसण्याची. दहा महिन्यांचं बाळ आजोबांच्या चष्म्यावर चापट मारतं. सगळे हसतात. "अरे वा, पैलवान!" कुणी तर म्हणतं, "मार बघू काकाला!" व्हिडिओ काढला जातो, नातेवाइकांना पाठवला जातो. तेच बाळ दोन वर्षांचं होऊन पाहुण्यांना चापट मारतं, तेव्हा तेच सगळे डोळे वटारतात. मुलाच्या बाजूने विचार करा. नियम कधी बदलला, हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

फ्रेंच विचारवंत रूसो यांच्या १७६२ सालच्या 'एमिल' या शिक्षणविषयक ग्रंथात एका तळटिपेत हेच निरीक्षण आहे. लहान मुलाला चिथवून स्वतःला मारून घेणाऱ्या आणि वर हसणाऱ्या दायांना त्यांनी चांगलंच फटकारलं आहे. तिथपर्यंत ते मला पटतात. पण त्यांचा उपाय काय? मुलाने खरोखर कुणाला मारलं, तर ते फटके त्याला व्याजासकट परत मिळावेत! याच रूसोंनी याच ग्रंथात दुसरीकडे एका रडणाऱ्या तान्ह्या बाळाचं वर्णन केलं आहे. दाईने त्याला मारलं. क्षणभर ते गप्प झालं, आणि मग संतापाने लालनिळं पडलं. अन्याय झाल्याची जाणीव किती उपजत असते, हे त्यावरून दिसतं, असं ते म्हणतात. म्हणजे मोठ्या माणसाने मारलेलं मुलाच्या मनात कुठे जाऊन लागतं हे त्यांना ठाऊक होतं, तरी उपाय मात्र व्याजासकट परतफेडीचा! (हशा) रूसोंनी स्वतःची पाचही मुलं अनाथालयात ठेवली होती, तेव्हा हा उपाय घरी करून पाहायचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही.

व्याजासकट परत केल्याने काय होतं? १९६१ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत अल्बर्ट बांदुरा आणि सहकाऱ्यांनी ७२ मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एक मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला ठोसे मारत होता, हातोडीने बडवत होता. नंतर ती मुलं खेळायला गेली तेव्हा त्यांनी तेच प्रकार केले, कित्येकांनी तेच शब्द उच्चारले. ज्यांनी हे पाहिलं नव्हतं, त्यांच्यात हा प्रकार बराच कमी दिसला. मुलं आपलं भाषण ऐकतात, पण शिकतात ते आपल्या हातापायांकडून. "मारू नको" म्हणत आपण फटका देतो, तेव्हा मूल वाक्य विसरतं आणि फटका लक्षात ठेवतं.

मग करायचं काय?

तत्त्वज्ञानाच्या माणसाने इथे गप्प बसायची पद्धत आहे. (हशा) पण आज ती मोडतो.

पहिलं: जवळ जा. खोलीच्या दुसऱ्या टोकाहून "एऽऽ मारायचं नाही" ओरडण्याचा उपयोग नसतो. उठून जा, गुडघ्यावर बसा, आणि उगारलेला हात अलगद धरा. करकचून नव्हे, पिळून नव्हे. फक्त थांबेल इतका. मूल जमिनीवर लोळत, लाथा झाडत असेल तर बाकीच्यांना दूर करा आणि आपण जवळ बसून राहा.

दुसरं: थोडं बोला. "मारायचं नाही. लागतं." दोन छोटी वाक्यं, शांत पण ठाम आवाजात. हसून नाही, ओरडूनही नाही. "तुला कितीदा सांगितलं, काल पण तू असंच केलंस, आता बाबा आले की सांगते" हे सगळं त्याच्या डोक्यावरून जातं. आणि "का मारलंस?" असं विचारू नका. कारण सांगता आलं असतं, तर त्याने मारलं नसतं.

तिसरं: ज्याला लागलं त्याच्याकडे आधी पाहा. तो रडतोय, त्याला जवळ घ्या. मारणाऱ्याकडेच सगळ्यांचं लक्ष गेलं, तर मारणं हा लक्ष वेधायचा सोपा मार्ग होऊन बसतो. शिवाय दुसऱ्याला लागलं की काय करतात, हे त्याला दिसतं. "सॉरी म्हण, म्हण आधी" असा आग्रह नको. दोन वर्षांच्या मुलाचं सॉरी म्हणजे सुटकेचा पासवर्ड असतो. त्यापेक्षा, "चल, तिला पाणी देऊ या" म्हणा. पश्चात्ताप आला नसेल, पण भरपाईची सवय लागेल.

चौथं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं: शब्द द्या. "तुला गाडी हवी होती. म्हण, मला दे." शब्द येत नसेल तर खूण द्या. हात पसरून मागायचं. तळवा पुढे करून 'थांब' म्हणायचं. बघा, हात तोच आहे, त्याला दुसरं काम दिलं. आणि हे भांडण चालू असताना एकदाच सांगून जमणार नाही. एरवी, मजेत असताना, बाहुल्यांच्या खेळात, जेवताना, त्याचा सराव करा. त्याने मागितलं आणि दर वेळी ते मिळालंच पाहिजे असं नाही. पण मागितल्याची दखल मिळाली पाहिजे. "छान मागितलंस. आता तिची पाळी, मग तुझी." शब्दाला किंमत आहे हे कळलं, तरच तो हात सोडून शब्दाकडे येईल.

पाचवं: वेळ ओळखा. एक आठवडाभर कागदावर टिपून ठेवा. किती वाजता मारलं, कुणाला, त्याआधी काय झालं होतं. बहुतेक घरांत चित्र आपोआप स्पष्ट होतं. झोपेची वेळ टळलेली असते, भूक लागलेली असते, लग्नाच्या हॉलमधली गर्दी असते, दात येत असतात, किंवा घरात नवं बाळ आलेलं असतं. संध्याकाळी सहा वाजता रोज चापटा बसत असतील, तर साडेपाचला केळं द्या. यात कुठलंही तत्त्वज्ञान नाही, पण उपयोग होतो.

सहावं: घरात एकच नियम असू द्या. आई थांबवते, आजोबा हसतात आणि बाबा फटका देतात, असं तीन प्रकारचं राज्य असलं तर मूल नियम शिकत नाही. कुणासमोर काय चालतं, एवढं शिकतं.

हे केल्यावर चार दिवसांत मारणं थांबेल का? नाही. काही आठवडे, काही महिने लागतात. तेच वाक्य तुम्ही शंभर वेळा म्हणाल. मूल एक-एक वीट लावत उंबरठा बांधतंय, आणि विटा तुम्ही देताय.

"आम्हीही मार खाऊनच मोठे झालो"

हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो माझ्याच पिढीचा आहे. आम्ही मार खाल्ला आणि माणसात आलो, हे खरं आहे. पण दोन गोष्टी एकामागून एक घडल्या, म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही. आम्ही गोवर काढला आणि मोठे झालो. म्हणून कुणी नातवाला गोवर देत नाही. ज्यांनी मार दिला त्यांनी रात्री जागून कपाळावर पट्ट्याही ठेवल्या, गोष्टी सांगितल्या, फी भरायला दागिना मोडला. आपण घडलो ते कदाचित त्यामुळे, आणि श्रेय मात्र फटक्याला देतो.

काही जण चाणक्याच्या नावावर चालणारं सुभाषित सांगतात. पाच वर्षं लाड करावेत, पुढची दहा वर्षं ताडन करावं, आणि सोळाव्या वर्षी मित्रासारखं वागावं, असा त्याचा आशय. त्यातलं ताडन मला मान्य नाही. पण जे मानतात त्यांनीही हिशेब नीट करावा. दोन वर्षांचं मूल त्यातल्या लाडाच्या हद्दीत येतं. म्हणजे ज्या परंपरेचा दाखला देऊन आपण चिमुरड्याला मारतो, ती परंपराही आपल्या बाजूने नाही.

आणि न मारण्याचा विचार काही परदेशातून आयात केलेला नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी शंभर वर्षांपूर्वी भावनगरमध्ये मुलांना न मारता शिकवून दाखवलं. पुढे १९४५ पासून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीच्या परिसरात हेच काम गरिबांच्या वस्त्यांत नेलं. कायदाही त्या दिशेने गेला. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला मनाई आहे. स्वीडनने तर १९७९ सालीच घरातल्या मारावरही बंदी घातली. आपल्याकडे घराच्या दाराशी कायदा थांबतो. दाराच्या आत आपली विवेकबुद्धी, तेवढीच.

आलेल्या चिठ्ठ्या

चार चिठ्ठ्या घेतो.

"मुलगी फक्त आईलाच मारते, बाकी कुणाला नाही. आईचं काही चुकतंय का?" बाई, बहुधा उलट आहे. दिवसभर पाळणाघरात आवरून धरलेलं सगळं मूल जिथे सुरक्षित वाटतं तिथे ओततं. पण याचा अर्थ आईने मार खात बसावं असा नाही. तिनेही हात धरावा आणि म्हणावं, "मारायचं नाही. मला लागतं." आईलाही लागतं, हे मुलीला कळणं फार आवश्यक आहे. पुढच्या आयुष्यात तर फारच.

"मोबाइल काढून घेतला की मारतो." अचानक काढू नका. "हे गाणं संपलं की बंद" असं आधी सांगा, आणि गाणं संपल्यावर खरोखर बंद करा. मारलं म्हणून परत दिलात, तर हाताने मोबाइल मिळतो असा धडा आपणच दिला.

"आमचा नातू मारत नाही, मार खाऊन येतो. त्याला उलट मारायला शिकवावं का?" त्याला मोठ्याने "नको! मारू नको!" म्हणायला शिकवा, आणि मोठ्या माणसाकडे जायला शिकवा. तेही शब्दाचंच शिक्षण आहे. आणि तो आला की त्याचं ऐका. "रडतोस काय मुलीसारखा" असं म्हणालात, तर त्याचा शब्दावरचा विश्वास उडेल.

"डॉक्टरांकडे केव्हा जावं?" चांगला प्रश्न. दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडले जात नसतील, आलेले शब्द गेले असतील, हाक मारल्यावर मूल वळत नसेल, तर थांबू नका. ऐकण्याची तपासणी करून घ्या. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला शब्द मिळणार कुठून? मूल स्वतःचं डोकं आपटून घेत असेल, समोरच्याला वारंवार जखमा होत असतील, किंवा चार-पाच वर्षांचं झाल्यावरही मारणं कमी न होता वाढत असेल, तरी दाखवावं. आणि एक अवघड गोष्ट. घरात कुणी मोठा माणूस दुसऱ्या मोठ्या माणसावर हात टाकत असेल, तर उपचाराची सुरुवात मुलापासून करू नका.

शेवटचं सांगतो. दोन वर्षांच्या मुलाच्या चापटीने आपल्याला फारसं लागत नाही. चष्मा वाकतो, अभिमान दुखावतो, एवढंच. पण त्या क्षणी मुलासमोर एक प्रश्न असतो: हवं ते मिळवायचं कशाने, बळाने की बोलून? तो प्रश्न त्याला विचारता येत नाही, पण उत्तर मात्र ते आपल्याकडून घेतं. आपण त्याच्यापेक्षा पाचपट मोठे आणि बळकट आहोत. बळाने त्याला गप्प करणं आपल्याला कधीही शक्य आहे. ते शक्य असूनही आपण बोललो, हे मुलाने पाहिलं, की बळ असताना कसं वागायचं हे त्याला कळू लागतं. आणखी वीस वर्षांनी बळ त्याच्याकडे असेल, आणि दुबळे आपण असू.